मे महिन्यातली लाँच

आंबेसर धक्क्यावरच्या गोदाम क्रमांक चारमध्ये शालन भालेराव राहत होती. ते घर राहणार की जाणार, हे १७ मे १९९७च्या सकाळी ठरायचं होतं.

धक्का इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यावर. एकेकाळी पलीकडच्या काठावरचा ऊस आणि केळी होड्यांनी इथं उतरत. पुढं मालट्रक वाढले, धक्का ओस पडला, गोदामांत कुत्री व्यायला लागली. १९९३ साली आप्पासाहेबांच्या गृहनिर्माण संस्थेनं ती गोदामं घेतली, आत भिंती घालून चौतीस घरं केली, पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या बांधल्या, दिवे लावले. आता तिथं शिक्षक राहत, लोणी देवकरच्या कारखान्यात जाणारे राहत, बारामतीच्या बँकेतले दोघे राहत. संध्याकाळी इंदापूरची माणसं मुद्दाम पाणी बघायला येत.

शालनचं घर मात्र विकत घेतलेलं नव्हतं. संस्थेची लाँच जो चालवील त्याच्यासाठी ते राखलेलं होतं. लाँच तिचा नवरा रामभाऊ चालवायचा. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला त्याची नजर पुरती गेली. त्याआधी तीन वर्षं शालनच त्याच्या शेजारी उभी राहून सुकाणू धरत होती, पण कागदावर नाव रामभाऊचं. तिनं चालकाची जागा मागितली. संभाजीनंही मागितली. तो पंचविशीतला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, हाताचा हुशार.

आप्पासाहेबांनी अट घातली. धरणाचं पाणी उतरलं की लाँच दीड महिना बंद राही, कारण दोन काठांच्या मधोमध बुडालेलं जुनं आंबेसर होतं. त्याच्या भिंती आणि ओटे उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीला अगदी भिडत. तेवढे दिवस लोकांना साठ किलोमीटरचा वळसा पडे. मे महिन्यात जो लाँच पलीकडं नेऊन परत आणील, जागा आणि घर त्याचं.

पहिली पाळी संभाजीची. त्याच्या आजोबांचं घर जुन्या गावाच्या पेठेत होतं, आणि वडिलांनी त्याला पेठेचा रस्ता कागदावर काढून दिला होता. कागद बरोबर होता. रस्ताही रुंद आणि सरळ होता. पण गाव उंचावर वसलेलं. अर्ध्या वाटेत लाँच खालून खरवडली आणि थांबली.

लाँचमध्ये बाजाराच्या पाट्या घेऊन बसलेल्या बानूबाईनं वाकून पाण्यात बघितलं.

"चावडीच्या ओट्यावर बसलास की रं संभा. आता पंचायत भरव."

सगळे हसले. चौघांनी बांबू रेटून लाँच मोकळी केली आणि ती मागं आणली. संभाजी मागच्या फळीवर जाऊन बसला.

शालन सुकाणूपाशी उभी राहिली. पेठेतून नेणार की वेशीकडून, असं लाँचमध्येच बसलेल्या आप्पासाहेबांनी विचारलं. तिनं दोन्ही नको म्हणून सांगितलं आणि लाँच गावाच्या खालच्या अंगाला वळवली.

महादेवाच्या देवळाचा कळस पाण्याबाहेर आला होता. तो तिनं डाव्या हाताला ठेवला, हाकेच्या अंतरावर. ते अंतर तिनं कमी होऊ दिलं नाही आणि वाढूही दिलं नाही. पुढं उभ्या माणसानं पाण्यात बांबू टाकला. सात फूट. लाँचला अडीच पुरत. वठलेल्या चिंचेपाशी ती उजवीकडं वळली, लगेच डावीकडं. पुन्हा सात. गेले दोन उन्हाळे ती लहान होडीतून एकटीच इथं बांबू टाकत हिंडली होती. हे रामभाऊशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

आप्पासाहेबांचं घर जुन्या गावात चावडीसमोर होतं. त्यांना ही वळणं ओळखीची वाटेनात.

"ही वाट कुठली, शालनबाई?"

"ओढा हाय ह्यो."

"ओढ्यातनं वाट होती?"

"तुमाला न्हवती, आमाला होती. बौद्धवाड्यातनं नदीला जायचं तर गावातनं बंदी. दळण, सरपण, मयत, समदं ओढ्यातनं. देवळापासनं एवढंच लांब ऱ्हायाचं. जवळ सरकलं की वरनं दगड यायचा." तिची नजर समोर होती. "लगीन हुईस्तोवर हितनंच चालले, आप्पासाहेब. डोळं मिटून बी नेईन."

बांबूवाल्यानं आठ फूट म्हणून सांगितलं.

पलीकडं तेवीस माणसं वळशाच्या एसटीची वाट बघत होती. लाँच येताना दिसली, तशी ती आधी नुसती बघत राहिली आणि मग पिशव्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात शिरली. आप्पासाहेबांनी खाली उतरून पाण्याकडं एकदा पाहिलं. मग परत पोचेपर्यंत न थांबता, जागा तिची झाली, कागद आजच करतो, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

"शालन रामभाऊ भालेराव, असं पुरं लिवा," ती म्हणाली. "आन् मे म्हयन्यात लाँच बंद, ही पाटी काढा."

संभाजी पुढं आला. "येताना शेजारी उभं ऱ्हाऊ दे की, काकी."

"ऱ्हा. पर वळायचं मी सांगीन तवाच."

धक्क्यावर चौतीस घरांची माणसं गॅलऱ्यांत उभी होती. रामभाऊ खालच्या पायरीवर बसला होता. त्याला काही दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून शेजाऱ्यांना सगळ्यांच्या आधी त्यानंच सांगितलं, "भरून येतीया."

दहा वाजून पाच मिनिटांनी लाँच पायऱ्यांना लागली. दुसऱ्या खेपेसाठी तोवर रांग लागली होती.