शेवग्याखालची बाटली

निधीच्या खालच्या हिरडीवर जांभळट गाठ आली होती, बोराएवढी. ब्रश लागला की रक्त. नऊ वर्षांची पोर, विक्रोळीच्या चाळीतली. एक्स-रेत गाठीखालचं हाड थोडं झिजलेलं दिसलं. मी दातांची डॉक्टर; अशी गाठ काढून तपासायला पाठवावीच लागते. गाठ साधी असली तर काम इथेच संपणार होतं. वाईट निघाली तर पोरीच्या जबड्याचा तुकडा जाणार होता. ते लॅबच सांगू शकत होती.

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात मी गाठ काढली, तुकडा टिकवणाऱ्या औषधाच्या बाटलीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि निधीच्या आजोबांच्या, दशरथ परबांच्या हातात दिली. म्हटलं, "घाटकोपरच्या लॅबमध्ये द्या." आमच्याकडे बाटल्या नातेवाईकच पोचवतात.

आठ दिवस झाले तरी रिपोर्ट नाही. लॅब म्हणाली, बाटली आलीच नाही. मी आजोबांना बोलावून घेतलं.

"मी पुरलंय ती," ते शांतपणे म्हणाले. "चाळीमागच्या शेवग्याखाली. तिची नाळ थयच पुरलेली. आंगाचो तुकडो तो, लॅबवाले कचऱ्यात टाकतले. आणि काढून झाल्यार आता तपासूचा काय?"

मी भडकले. "अहो, कॅन्सर आहे की नाही ते त्या तुकड्यावरूनच कळणार होतं! पोरीचा जबडा पणाला लावलात तुम्ही!"

म्हातारा मटकन खाली बसला. खुर्ची होती, तरी जमिनीवर. मला माझ्या आवाजाची लाज वाटली, पण राग काही गेला नाही. मग एकदम सुचलं.

"झाकण उघडलं होतंत?"

"उघडूक नाय."

संध्याकाळी बाटली आली. झाकणाच्या खाचांत माती, आत तुकडा जसाच्या तसा. त्या औषधात तो आणखी महिनाभरही टिकला असता. या वेळी घाटकोपरला मी स्वतः गेले.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. जायंट सेलची गाठ, कॅन्सर नाही. पुन्हा उगवू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मी हसत सांगितलं. आजोबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "त्या तुकड्याचा काय केल्यानी?"

"मेणात बसवून जपून ठेवतात, वर्षानुवर्षं. लगेच फेकत नाहीत."

"ह्या तेवाच सांगूक होया होता, डॉक्टरीणबाय."

वीस वर्षं मी अशा बाटल्या लोकांच्या हातात देत आले आहे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.