गाळलेली ओळ

माझे वडील हवाईत बेचाळीस वर्षं अंगठेबहाद्दर म्हणून जगले. ऊसमळ्याच्या पगारपत्रकावर अंगठा, माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा, माझ्या लग्नाच्या कागदावरही अंगठाच. मला त्या अंगठ्याची लाज वाटायची. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गुणी लेक समजायला नको.

तातांग जाऊन नववा दिवस होता. वडिलांना आम्ही तातांगच म्हणायचो. नऊ दिवस घरात केर काढला नव्हता; काढायचाच नसतो. चार वाजता शेवटची प्रार्थना होती आणि ती मी वाचायची होती. त्यांच्या नावाचं ताट मांडलं होतं: भात, खारवलेल्या मासळीतली कारली-वांगी, केळीच्या पानातला गोड भात आणि एक विडी. शेजारच्या कोनसिंग, सगळ्यांच्या मनांग म्हणजे ताई, शेवया परतता परतता म्हणाल्या, "बिचारा क्लेतो! अक्षरशत्रू माणूस, पण बैलासारखा राबला."

"लोलोंना वाचता येत होतं," माझी नऊ वर्षांची नोरीन म्हणाली.

"हो गं बाई, चित्रं बघून गोष्टी सांगत असतील आजोबा."

"यात कुठायत चित्रं?" तिने प्रार्थनेचं पुस्तक उचललं. "हे त्यांनीच शिकवलं मला. आई कामावर गेली की. कुणाला सांगू नकोस म्हणायचे. पण आता ते गेले ना?"

कोनसिंग हसल्या. मी तशीच परसात गेले. तिथे ताता सेबियो, म्हणजे सेबियोकाका, बोकडाचं मटण कापत बसले होते. सेहेचाळीस साली ते आणि तातांग गावाहून हवाईला एकाच बोटीने आले, एकाच खोलीत राहिले.

"तातांगना वाचता येत होतं?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "कोण फुटलं?"

"नोरीन."

"चला, एवढी वर्षं तरी टिकलं, पिनिंग."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तातांग गावच्या शाळेत मास्तर होते. मळ्यासाठी मजूर निवडणारे आधी हात बघायचे. मऊ हाताचा, शिकलेला माणूस त्यांना नको असायचा. असला माणूस पुढे संप करतो. म्हणून क्लेतो मास्तरांनी दोन महिने काथ्या वळून हातांना घट्टे पाडले आणि कागदावर अंगठा उठवला.

"वाटलं होतं, एकदा पोचलो की झालं. पण खोटं उघडं पडलं तर परत पाठवतील, ही धास्ती. वजनकाट्यावर कारकुनाची जागा निघाली, पण ती मागायची सोय नव्हती; तीन दिवस जेवला नाही तुझा बाप. मग तू शाळेत जायला लागलीस. आता पोरीला काय सांगणार, बाप खोटारडा आहे म्हणून?"

"आणि आई?"

"तिला ठाऊक होतं. पण ती कधी तोंड उघडणारी होती का?"

मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

मी बारा वर्षांची असताना गावाहून काकाचं पत्र आलं. पत्रं वाचणं माझं काम. मी खुर्चीवर, तातांग जमिनीवर, आणि ऐकायला आजूबाजूचे सगळे. काकाने लिहिलं होतं: आईने अंथरूण धरलंय, तुझंच नाव घेते, सुगीच्या आत ये. पलीकडच्या खोलीतल्या एका मुलाचा बाप असाच गावी गेला होता, तो परत आलाच नाही. मी ती ओळ गाळली आणि 'सगळे खुशाल' म्हणून मोकळी झाले. दोन महिन्यांत आजी गेली. ती गेल्याचं पत्र मात्र मी पूर्ण वाचलं. तातांग नुसतं हूं म्हणाले आणि कोयत्याला धार लावायला उठले. त्यांना कळलंच नाही, या एका समजुतीवर मी अठ्ठावीस वर्षं झोपले.

"ताता, आजी आजारी असल्याचं ते पत्र..."

"त्याने आधीच वाचलं होतं. पोस्टातून आणतानाच, उसात बसून. मलाही वाचून दाखवलं. म्हणाला, आज पिनिंग वाचेल, मग मी मुकादमाकडे रजा मागेन. बोचकंही बांधून ठेवलं होतं."

"मग बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? ओळ गाळलीस म्हणायचं, तर ती दिसली म्हणावं लागतं."

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं होतं!"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाला, मग सगळ्यांसमोर माझी पिनिंग खोटी पडेल."

"रागावले होते माझ्यावर?"

तातांनी सुरी पुन्हा हातात घेतली. "पोरगी माझ्यावर गेलीय रे, एवढंच म्हणाला. आणि रडला."

त्यांनी मला बडवलं असतं तर मी सुटले असते. आता कुणाची माफी मागू?

आतून कोनसिंगची हाक आली, "पिनिंग, चार वाजले! पुस्तक घे!"

मी जाऊन ताटासमोर बसले. पुस्तक उघडलं. सगळे माना खाली घालून थांबले होते. मी पुस्तक नोरीनच्या मांडीवर ठेवलं.

"तू वाच," मी म्हटलं. "सगळं वाच. एक ओळ गाळलीस तर याद राख."