यादीत नसलेलं कलम

नवरा रविवारी मिस्सा आटोपून थेट माझ्या दारात आला, दाढी करून, साळसूद चेहऱ्याने. आठ महिने बहिणीकडे राहून त्याने दारू सोडली होती. चर्चमागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी पिणं सोडलेले लोक जमतात. ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्यासमोर बसून एकेक गोष्टीची माफी मागा, असं तिथे सांगतात. म्हणून हा वहीचा कागद घेऊन आला होता. त्याला घरात परत यायचं होतं. मीही ठरवलं होतं, एक गोष्ट याच्या तोंडून आली तर याला घरात घेईन.

तो वाचू लागला. माझं शिलाई मशीन विकलं. माझ्या वडिलांच्या दफनाला झिंगून आला आणि शवपेटीला खांदा देताना आपटला. मी काम करते त्या लॉन्ड्रीत येऊन मुकादमाला शिव्या घातल्या. एकवीस कलमं.

"झालं," तो म्हणाला.

"अजून आठव."

"एवढंच आठवतंय गं."

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मला सहावा महिना होता. गुत्त्यावर बोलवायला येऊ नये म्हणून हा मला कोंडून जायचा. त्या दुपारी रक्त जायला लागलं आणि हा किल्ली खिशात घेऊन बाहेर पायरीवर पिऊन पडला होता. मी आतून दार बडवत होते. शेजारणीने कुलूप फोडलं तोवर बाळ गेलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्याला कुणी किल्लीचं बोललं नाही. मीही नाही. हा कधीतरी स्वतःहून बोलेल, अशी वेडी आशा.

"फादर म्हणाले, हा आजार आहे, त्याने दोष थोडा हलका होतो," तो म्हणाला. "आणि मनापासून कबुली दिली की विसरलेली पापंही माफ होतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंदेने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "वहिनी, त्याला टोचू नका, एक धक्का बसला तरी पुन्हा बाटली धरेल."

मी त्याला सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, पायरी, मी किती वेळ दार बडवलं ते. तो पांढराफटक पडला. कागद तिथेच टाकून उठला आणि गुत्त्याच्या रस्त्याला लागला. मला दिसत होतं. मी हाक मारली नाही.

शनिवारी मला पापकबुलीला जायचंय. माझा दोष कोणी हलका करणार नाही. मी पूर्ण शुद्धीत होते.