चोरबटन

शेषेरावांची जीप जुनी होती, विष्णुपुरीच्या एका ठेकेदाराकडून घेतलेली. पण तिच्या चारही चाकांना ओढ होती. पावसाळ्यात त्या शिवारातलं काळं रान असं धरतं, की ट्रॅक्टरसुद्धा पोटावर बसतो. तिथून ही जीप म्हशीसारखी सावकाश, डोलत वर यायची. हिंगणफाट्याच्या डांबरी सडकेला लागायचं तर मधे नाला होता, आणि नाल्याला पाणी असलं की गावात ती एकच गाडी पलीकडं जायची.

त्या वर्षी आसपासच्या गावांतून अशा तीन गाड्या गेल्या. तेलंगणात नेऊन सुटे भाग करून विकतात म्हणे. तेव्हापासून शेषेरावांच्या घशाखाली घास नीट उतरेना. आधी त्यांनी स्टिअरिंगला साखळी घातली, कुलूप लावलं. मग कोणीतरी सांगितलं, साखळी कापायला दोन मिनिटं लागतात, आणि असल्या जुन्या गाडीला चावी तरी कशाला पाहिजे, दोन वायरी जोडल्या की झालं. तेव्हा त्यांनी फाट्यावरच्या सरदार नावाच्या मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

सरदारचं वायरिंगचं दुकान होतं. त्याच्या बापानं फाट्यावर बॅटऱ्या भरल्या, आता पंचवीस वर्षं तो. दुकानात चार लोकांच्या डोळ्यांदेखत काम नको म्हणून शेषेरावांनी त्याला शेतातल्या आखाड्यावर आणलं. गड्याला बाजारात पिटाळलं. सरदारनं डिझेलच्या पंपाकडं जाणारी वायर तोडून तिच्यामधे एक बटन बसवलं, आणि ते बटन अशा जागी दडवलं, की हात घालणाऱ्याला नुसता गंजका बोल्ट लागावा.

"आता चोर आला तर स्टार्टर नुसता फिरत राहील, शेषेराव. इंजन पकडणार न्हाई," तो हात पुसत म्हणाला. "ह्याला आम्ही चोरबटन म्हणतो. तुम्हाला ठावं, मला ठावं. तिसऱ्याला कळालं की ह्याचा उपयोग संपला."

धोंडाबाईंनी त्याला चहा दिला. "वैनी, साखर जास्त पडली," म्हणत त्यानं तो सगळा प्याला आणि गेला.

ही आषाढातली गोष्ट. श्रावणात लेक सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर तिकडं लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळच्या जवळ. एक दिवस शेषेरावांना नांदेडला कोर्टात जायचं होतं आणि आभाळ फाटल्यासारखं गळत होतं. निघताना ते परत आत आले, धोंडाबाईंना जीपपाशी नेलं, त्यांचा हात धरून बटनावर ठेवला.

"पोरीला कळा सुरू झाल्या अन् मी नसलो तर? कोणालाबी बोलाव, गाडी हाणाय लाव. पण हे तू दाब."

"तिसऱ्याला सांगू नका म्हणला होता की तो."

"तू कुठली तिसरी? तू म्हंजे मीच की."

दोन दिवसांनी धोंडाबाईंना ताप भरला. आपण पडून राहिलो आणि वेळ आली तर काय, ह्या काळजीनं त्यांनी सुकन्येला जवळ बसवलं आणि ती जागा सांगितली. पुढं बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली, दिवाळीनंतर सुकन्या सासरी गेली. सांगितलेलं धोंडाबाई विसरूनही गेल्या.

येळवशीला सगळं गाव रानात होतं. त्या अमावास्येला घरात कोण थांबतो? कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, येईल त्याला पंगत. शेषेराव त्या दिवशी बैलगाडीनंच जायचे, वडिलांची रीत म्हणून. जीप घरापुढं उभी होती. दिवस कलताना परत आले, तर दारात नुसती साखळी पडलेली, कापलेली. ओढून नेल्याची खूण नव्हती. चाकांचा माग सरळ गल्लीतून निघून सडकेला लागला होता. गाडी आपल्या पायांनी गेली होती.

दुसऱ्या दिवशी फाट्याच्या ठाण्यातून जमादार आला. ओट्यावर बसून त्यानं सगळं ऐकलं.

"साखळी कोणीबी कापंल," तो म्हणाला. "बटन कोणाकोणाला ठावं होतं?"

"मला. अन् बसवणाऱ्या सरदारला."

"आणखी?"

"आणखी कोणाला असणार?"

धोंडाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. नवरा आता मागं वळून आपल्याकडं बघेल, आपलं नाव घेईल, असं त्यांना वाटत राहिलं. शेषेराव वळले नाहीत. ते लपवत नव्हते. बायको वेगळी मोजायची असते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि धोंडाबाईंच्या तोंडाला जे आलं होतं ते तिथंच थिजलं, कारण स्वतःच्या पाठोपाठ त्यांना सुकन्या आठवली होती.

दुपारी सरदारला दुकानातून उचललं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको शहजादी आली. फाट्यावरून पायी आली होती, चपला हातात, पाय धुळीनं भरलेले. ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"बाई, शेषेरावांना सांगा, एकदा ठाण्यात येऊन नुसतं म्हणा की आमचा ह्याच्यावर शक न्हाई. डबा घेऊन गेले तर आत जाऊ देईनात. काल मागच्या खिडकीतून आवाज ऐकला मी."

"वर ये, बस," धोंडाबाई म्हणाल्या.

"बसत न्हाई. तुम्ही त्याला पाहिलंय. तुमच्या हातचा चहा पेलाय त्यानं." मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "लोक म्हणून राहिले, दोघांनाच ठावं होतं तर मग गेली कशी? मला बी समजंना झालंय. तुम्हाला काय वाटतं? त्यानं केलं असंल?"

धोंडाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शहजादीनं तो घेतला, पायांवर ओतला, रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला. उत्तराची वाट बघून ती गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नात बघून येते म्हणून त्या निघाल्या. नांदेडहून लातूरची एसटी, लातूरहून पुढं दुसरी; पोचेपर्यंत उन्हं उतरणीला लागली. वाटेत त्या सारख्या स्वतःला सांगत होत्या, की जावई बजरंग तसा नाही. गरम डोक्याचा आहे, पण चोर नाही. सुकन्या दारात आली, आईला बघितलं, आणि "कशी हायस" विचारायच्या आधी मान खाली घातली. तेवढ्यानंच धोंडाबाईंना कळलं.

"कधी सांगितलंस त्याला?"

"मी कुठं सांगाय गेले, आई? दिवाळीहून आल्यावर विषय निघाला. मामा गाडीला लई जपतेत म्हणून हे हसत होते. मी बी हसत हसत बोलून गेले." तिनं पोर छातीशी धरली. "येळवशीला आमच्या रानात हे नव्हते. मी काय विचारू?"

बजरंग आला तो हातपाय धुऊनच पुढ्यात बसला. आवाज अजिबात चढवला नाही.

"मामी, चोरी कशाची? लग्नात मामांनी माझ्या बापाला शब्द दिला होता, जीप तुमचीच समजा. चार वर्षं झाली. घरची वस्तू घरात आली."

"तिकडं एक माणूस आत हाय. मारून राहिलेत त्याला."

"सोडतील. त्याच्यापाशी काय सापडणार हाय?"

"अन् मी सांगितलं तर?"

बजरंगनं तान्ह्या पोरीकडं बघितलं. तिच्या पायातला वाळा नीट केला. "सांगा की. मग लेक अन् नात बी घेऊन जा. माझ्यावर केस करणाऱ्याच्या घरची बाई मी कशाला ठिवू?"

सुकन्या स्वयंपाकघराच्या दाराशी होती. तिनं आईकडं बघून मान हलवली, नको म्हणून. तिच्या डाव्या कानामागं पिवळा पडत चाललेला माराचा एक डाग होता. धोंडाबाईंनी तो पाहिला आणि विचारलं नाही.

सकाळी परत निघून त्या दुपारनंतर घरी आल्या आणि शेषेरावांना सगळं सांगितलं. शेषेरावांनी गोठ्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "सोडतील त्याला. काय सापडणार हाय त्याच्यापाशी?"

जावयाचे आणि नवऱ्याचे शब्द एकच निघाले, हे धोंडाबाईंच्या काळजात रुतलं.

"तुम्ही लिहून दिलंय त्याचं नाव."

"मला काय ठावं तू पोरीला सांगशील म्हणून?"

"मग माझं नाव घ्या. जा, अन् सांगा तिसरी बी होती."

"लेकीचा संसार मोडायचाय का तुला?" शेषेराव उठले. "चार दिवस कळ काढ. त्याच्या दवाखान्याचं मी बघीन."

म्हणजे दवाखाना लागणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव रानात गेल्यावर धोंडाबाई नाला उतरून फाट्याला गेल्या. जन्मात ठाण्याची पायरी चढलेल्या नव्हत्या. टेबलामागं तोच जमादार होता.

"ते बटन मला ठावं होतं," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "मी लेकीला सांगितलं. लेकीनं जावयाला. गाडी जावयापाशी हाय. सरदारभाईला सोडा अन् हे लिहून घ्या."

जमादारानं पेन उचललं नाही. त्यानं शेषेरावांना फोन लावला. अर्ध्या तासात ते आले. घामाघूम, टोपी हातात. बायकोकडं न बघता त्यांनी कागदावर सही केली : गाडी पाव्हण्यांनी नेली होती, निरोप पोचला नाही, गैरसमज झाला, तक्रार नाही. धोंडाबाईंनी सांगितलेलं कुठंच लिहिलं गेलं नाही.

सरदारला बाहेर आणलं तेव्हा त्यानं उजवा हात डाव्या हातात धरला होता, परक्याची वस्तू सांभाळावी तसा. तीन बोटं काळीनिळी, फुगून एकमेकांना चिकटल्यासारखी. तो शेषेरावांच्या पुढून गेला, धोंडाबाईंच्या पुढून गेला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या शहजादीपाशी जाऊन थांबला. तिनं हाताला हात लावला नाही. कुठं धरावं तेच तिला कळेना.

पंधरा दिवसांनी धोंडाबाई त्यांच्या घरी गेल्या. शहजादी आत निघून गेली. सरदार खाटेवर बसला होता, हाताला पट्टी. त्यानं खुर्चीकडं मान केली, पण धोंडाबाई जमिनीवरच बसल्या.

"मला पहिल्याच दिवशी कळालं होतं," त्या म्हणाल्या. "जमादार ओट्यावर होता तेव्हाच."

"हाव," सरदार म्हणाला. "मी बी आत बसून हाच हिशेब लावत होतो. म्हणलं, शेषेरावांनी वैनीला सांगितलं असणार. म्हंजे आज न्हाई उद्या कोणीतरी येऊन सांगंल. रोज वाट बघत होतो." त्यानं पट्टीचा हात मांडीवर घेतला. "बोटांचं डॉक्टर म्हणतेत दोन सुधरतील. अंगठ्याजवळचं न्हाई. वायर चिमटीत धरायला तेच लागतं."

"मी काय करू, सांगा."

"आता काय करणार? तिसऱ्या दिवशी हिला सांगायचं होतं. कोणाला बोलली नसती. हिनं मला घरी आल्यावर विचारलं, खरंच तुम्ही न्हाई ना केलं? सत्तावीस वर्षांचा संसार हाय आमचा, वैनी."

पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला होता. धोंडाबाई आणखी थोडा वेळ बसल्या. चहा आला नाही, आणि यायलाही नको होता.

माघात बजरंगच्या भावानं सुकन्येला आणि पोरीला टेम्पोत बसवून फाट्यावर आणून सोडलं. सोबत एक ट्रंक आणि पाळणा. शेषेराव लेकीला घरात घेऊन आले, पण त्या दिवसापासून धोंडाबाईंशी बोलायचं त्यांनी सोडलं. काही हवं असलं तर सुकन्येच्या तोंडून मागत. जीप तिकडंच राहिली. सरदारचं दुकान बंद झालं, हत्यारं नांदेडच्या एकानं नेली. फाट्यावर लोक अजून म्हणतात, मोठ्या माणसानं तडजोड केली म्हणून सुटला, नाहीतर कुठला सुटतोय. धोंडाबाई ऐकतात तिथं उभ्या राहून सांगतात, त्यानं केलं नव्हतं, माझ्यामुळं झालं. लोक माना डोलावतात आणि त्या पुढं गेल्या की तेच बोलतात.

एकदा नातीला डोस द्यायला निघाल्या, तर रिक्षात शहजादी बसलेली होती. चढावं की मागं फिरावं, धोंडाबाईंना सुचेना. रिक्षावाला घाई करून राहिला होता. शहजादीनं रस्त्याकडंच बघत आपली पिशवी मांडीवर घेतली आणि लेकराला बसता येईल एवढी जागा केली. धोंडाबाई चढल्या आणि त्यांनी नातीला त्या जागेत बसवलं.