बांधून ठेवतो, आल्यावर घाल

"‘बूट काढा आणि दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवा,’ शिपाई म्हणाला. ‘आंघोळ करून आलात की आपापला जोड पटकन सापडेल.’"

लेक मोठ्याने वाचत होती. उस्तादांचा हातोडा टाचेवर पडायच्या आधीच थांबला.

"काय म्हणाला तो?"

"नाड्या बांधून ठेवा म्हणाला."

"कोणाला?"

"बाबा, ऐकताय ना तुम्ही? छावणीत आणलेल्या लोकांना. महायुद्धातल्या ज्यूंना." लेकीने पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "ती आंघोळीची खोली नाहीच आहे. आत विषारी वायू सोडणारेत. त्या शिपायाला पक्कं माहितीये, परत कोणी येणार नाही. पण लोक बिचारे नाड्या बांधतायत. एक आई तर सात वर्षांच्या मुलीच्या बुटांना दोनदा गाठ मारते, सुटू नये म्हणून."

तोंडात धरलेले चार खिळे उस्तादांनी एकेक करून काढले आणि डबीत टाकले.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. बूटदुरुस्तीच्या या हातभर दुकानात बावीस वर्षं मान मोडून काम केल्यावर गल्लीने बहाल केलेली ती पदवी. तिच्यासोबत गल्लीने एक तक्रारही चिकटवली होती, की उस्तादांचा ‘उद्या’ काही लवकर उजाडत नाही. उजाडला मात्र, की काम असं असायचं की नावं ठेवायला जागा नाही. आणि एक रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. जोड दुरुस्तीला आला, की गिऱ्हाइकाच्या देखतच दोन्ही बुटांच्या नाड्या एकत्र बांधायच्या आणि म्हणायचं, "बांधून ठेवतो. आल्यावर घाला." पावती नाही, चिठ्ठी नाही. ती गाठ हाच शब्द.

लेक दहावीत होती. शाळा सुटली की गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून ती वाचायची आणि उस्ताद ऐकायचे. त्यांचे हात कायम डिंकात आणि मेणात, त्यामुळे पुस्तक हाती धरायची सोय नव्हती. पण इतिहासापासून जीवशास्त्रापर्यंत त्यांची सगळी दहावी कानांवरून झाली होती. या वेळी बाईंनी ही कादंबरी वाचायला दिली होती. उद्या वर्गात तिच्यावर स्वतः लिहिलेली दोन पानं वाचून दाखवायची होती. गोष्टीचं सार नको, वाटलं ते लिहा, असं बाईंनी बजावलं होतं.

"मी हेच लिहिणारे," लेक म्हणाली. "नाड्यांचं."

"दुसरं लिही काहीतरी. एवढं जाडजूड पुस्तक, त्यात तुला तेवढंच सापडलं?"

"पण का?"

"नको म्हटलं ना एकदा!"

उस्तादांचा आवाज असा चढत नसे. लेकीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, तिने वरच्या फळीकडे पाहिलं. तिथे सुताच्या रिळांच्या मागे तपकिरी रंगाचा बायकांच्या बुटांचा एक जोड होता, नाड्या बांधलेला. त्यावर कधी धूळ नसे. ते बूट तिने दोनदा मागितले होते आणि दोन्ही वेळा उस्ताद म्हणाले होते, "गिऱ्हाइकाचे आहेत." कोणाचे आहेत ते दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे विमा एजंट आत आले. हे गृहस्थ माणसापेक्षा त्याच्या पायांकडे बघून त्याची ऐपत ठरवत, पण स्वतःचे तळवे झिजवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"उस्ताद, दोन्ही तळवे गेले. उद्या मिळतील म्हणा, म्हणजे मी परवा येतो."

उस्तादांनी बूट घेतले. नाड्या जुळवल्या. पुढे बोटं चालेनात. एजंटसाहेब सपाता घालून वाट बघत राहिले.

"अहो, बांधत नाही आज?"

"ठेवा तिथे. होतील," उस्ताद म्हणाले आणि जोड तसाच खाली ठेवला.

एजंट गेले. लेकीने पुस्तक बाजूला सारलं.

"बाबा, काय झालं?"

उस्तादांनी मेणाचा गोळा चोळायला घेतला. मग एकदम बोलले, कारण थांबले असते तर बोललेच नसते.

"ऑपरेशनला नेताना नर्सबाई म्हणाली, बूट काढा. तुझ्या आईला वाकता येत नव्हतं. मी काढले. हाताच्या सवयीने बांधले, आणि म्हटलं, बांधून ठेवतो, आल्यावर घाल. ती हसली. म्हणाली, उद्या म्हणू नका म्हणजे झालं."

"हे सांगितलंय तुम्ही मला."

"पुढचं नाही सांगितलं. डॉक्टरांनी मला सकाळीच बाजूला घेतलं होतं. म्हणाले, आशा फार थोडी आहे. मला माहीत होतं, पोरी. माहीत असून मी तिला तसं म्हटलं. त्या शिपायासारखं."

सहा वर्षं जे वाक्य त्यांनी काळजाशी धरून ठेवलं होतं, बायकोशी बोललेलं शेवटचं म्हणून, ते आज त्यांना स्वतःच्या तोंडात नकोसं झालं होतं.

लेकीने वही उघडली आणि ती लिहीत सुटली. उस्तादांनी उगाच एक टाच दोनदा घासली. बाहेर दुकानांचे दिवे लागायला लागले तेव्हा तिने मान वर केली.

"वाचू?"

"वाच."

"‘शिपायाने हे वाक्य हजारो लोकांना सांगितलं आणि त्यातलं एकही माणूस परत यावं असं त्याला वाटत नव्हतं. माझ्या बाबांनी हेच वाक्य एकाच माणसाला सांगितलं. ती येणार नाही अशी भीती त्यांनाही होती. पण ते अजून वाट बघतात. वाट बघणाऱ्याचं वाक्य खोटं नसतं. छावणीतल्या बुटांचा पुढे डोंगर झाला. त्यांची वाट बघायला घरी कोणी उरलंच नव्हतं, घरंच्या घरं सोबत नेली होती. मी पुस्तक मिटलं तरी त्या सात वर्षांच्या मुलीचे बूट मला दिसतात, दोनदा गाठ मारलेले. तिची वाट निदान मी बघणार आहे.’" लेकीने वही खाली केली. "एवढंच झालंय. दोन पानं नाही भरली."

उस्ताद आपल्या स्टुलावर चढले, रिळं बाजूला केली आणि तो जोड खाली काढला. गाठ सहा वर्षांत दगड झाली होती. आरीच्या टोकाने, नाडीचा एक धागाही न तोडता, त्यांनी ती हळूहळू सोडवली.

"पाय दे."

लेकीने पाय पुढे केला. चवडा गेला, टाच अडली. उस्तादांनी बूट चढवायची शिंगाची पट्टी लावून पाहिली, पाय थोडा तिरपा करून पाहिला. एक बोटभर कमी पडत होतं.

"गेल्या वर्षी आले असते," लेक म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं.

"उद्या, उद्या करत राहिलो," उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी एजंटांचा जोड उचलला, नाड्या एकत्र घेतल्या, नीट गाठ मारली आणि रिकाम्या दाराकडे बघून पुटपुटले, "बांधून ठेवतो. आल्यावर घाला." तपकिरी बूट काखोटीला मारून त्यांनी दुकान बंद केलं.

घरी पोचल्यावर लेकीने दारात आपले बूट काढले, शेजारी उस्तादांनी काढले. दोन्ही जोड त्यांनी जरा सरकवले आणि मधे तपकिरी बूट ठेवले, नाड्या मोकळ्या सोडून, घरी आलेल्या माणसाने काढून ठेवावेत तसे.