मीटर खरं बोलत होतं

मित्रांनो, मी दोन लाख ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली एक जुनी, दांडगी गाडी आहे. ओढे, चिखल आणि डोंगरवाटा तुडवण्यासाठीच माझी घडण झाली. चाकणच्या रणजीतराव नावाच्या कारखानदारांनी मला नवी कोरी घेतली, तेव्हा शिफ्ट सुटल्यावर कामगार मला बघायला थांबायचे.

पण मला सांभाळलं ते माझ्या ड्रायव्हरने, बीडकडच्या समाधानने. ऑइल कधी बदललं, पट्टा कधी बदलला, सगळं तो एका वहीत लिहून ठेवायचा. "आधी इंजिन गरम होऊ द्या मालक, मग पळवा," असं तो रणजीतरावांनाही सुनवायचा.

बारा वर्षांनी रणजीतरावांनी दुसरी गाडी घेतली. मी मोशीत, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाच्या आवारात येऊन पडले. समाधानने वही माझ्या डॅशबोर्डच्या खणात ठेवली आणि तो मागे न बघता निघून गेला. गिऱ्हाइकं यायची, मीटर बघायची आणि "बाप रे!" म्हणून दार लावायची. सात महिने मी जागची हलले नाही. एकदा तो विक्रेता फोनवर म्हणाला, "शनिवारपर्यंत नाही खपली, तर कापून सुटे भाग विकतो."

शुक्रवारी सकाळी विजयश्री आली. ती जनावरांची डॉक्टर. भामा नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर जायची. गेल्या पावसाळ्यात तिची छोटी गाडी चढावर रुतली, पोहोचायला उशीर झाला आणि एक म्हैस दगावली. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. तिच्यासोबत तिचे किसनमामा होते. भोसरीत त्यांचं गॅरेज आहे.

माझ्या शेजारी माझ्यासारखीच एक गाडी उभी होती. पांढरीशुभ्र, चकचकीत. मीटरवर फक्त सत्तर हजार.

"मॅडम, ही घ्या. त्या म्हातारीकडे काय बघताय?" विक्रेता म्हणाला.

विजयश्रीची नजर तिच्यावर खिळली. मी आशा सोडली.

मामांनी मात्र त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय की! गार असताना सुरू होत नाही वाटतं?" मग त्यांनी वाकून पाहिलं. "विजू, सत्तर हजारांत ब्रेकच्या पेडलवरचं रबर इतकं गुळगुळीत होतं का गं?" शेवटी त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ होता. "ही पुरात बुडालेली आहे. आणि मीटर मागे फिरवलंय."

"मला अशीच मिळाली, राव," विक्रेता पुटपुटला.

मग मामा माझ्याकडे वळले. खणातली वही त्यांनी उभ्याउभ्या पानन् पान वाचली. माझी बॅटरी मेली होती. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वायर जोडून त्यांनी किल्ली फिरवली. मी सगळा जीव एकवटला आणि पहिल्याच झटक्यात सुरू झाले!

"मागची उजवी बाजू खाली बसलीय. ते काम करावं लागेल," मामा म्हणाले.

"मामा, ही वाटेत दगा नाही ना देणार?"

"जुनी आहे, कधीतरी कुरकुरणारच. पण हिचं काय दुखतंय ते आपल्याला ठाऊक आहे. त्या पांढरीचं कुणालाच नाही."

विजयश्रीने माझ्या दारावरून हात फिरवला. "हीच घेऊया." मित्रांनो, तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मामांनी माझी दुरुस्ती केली. पंधरा दिवसांतच वरच्या वाडीतून सोजराबाईंचा फोन आला, "बाई, गाय अडलीया, लवकर या!" वाटेवर दरडीचे दगड पसरले होते आणि मातीचा लगदा झाला होता. विजयश्रीचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले होते. मी एकेक चाक रोवत चढले, एकदा घसरले, पुन्हा चढले.

"गाडी वर आली व्हय!" सोजराबाई धावत आल्या. "आता न्हाई काळजी."

तासाभराने गोठ्यातून वासराचं बारीक हंबरणं ऐकू आलं. विजयश्री बाहेर आली, माझ्या चाकाला टेकून खाली बसली आणि हसता हसता रडली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी सायकल, पंखा किंवा शिलाई मशीन असेल. ते जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका. ते बंद पडायची वाटही बघू नका. आम्हा यंत्रांना कौतुकाचा हार नको असतो. वेळेवर दोन थेंब तेल घाला, एवढंच.