मुठीत धरलेला ओळंबा

साहेब, तुम्ही मला मुठीत धरलंत आणि भिंत सरळ ठरवलीत. आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू.

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला पितळेचा गोळा आणि वर माझ्याच जाडीचा लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला लावून मला खाली सोडायचं. मी जेमतेम टेकलो, तर भिंत सरळ.

माझा गवंडी चाळीस वर्षं मुरलेला. कोपरा तपासताना एका अंगाने तो पाहायचा, दुसऱ्या अंगाने त्याची लेक. मी हलत असेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. पण उघडलं की जुळायचं नाही.

"बाबा, इकडून सरळ आहे."

"मग तू तिकडेच राहा. मी इकडे वाकडा राहतो."

मी पार गोंधळायचो. खरं कुणाचं? फार उशिरा कळलं, दोघांचंही. कोपऱ्याला दोन अंगं असतात.

शाळेच्या नव्या खोलीचा कोपरा तपासताना वारा सुटला होता. मी एकदा टेकायचो, एकदा बोटभर लांब जायचो. दुसऱ्या दिवशी छप्पर चढवायचं होतं. गवंडी म्हणाला, वारा पडू द्या, आत्ता सांगता येत नाही.

"चाळीस वर्षं थापी मारलीस आणि एवढंही सांगता येत नाही?" बांधकाम तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"चाळीस वर्षं मारली म्हणूनच येत नाही, साहेब."

साहेबांनी मला पकडलं, भिंतीवर दाबलं आणि कारकुनाला म्हणाले, "टेकला. लिही सरळ." दुसऱ्या अंगाला ते फिरकलेच नाहीत. गवंड्याला घरी बसवलं. छप्पर चढलं, वर रंगही लागला.

आता मी गवंड्याच्या घरी खिळ्याला लटकतो. पितळ काळवंडलंय. लेकीची पोर शाळेच्या त्याच खोलीत, त्याच कोपऱ्याशी बसते. ती घरी आली की आजोबा अभ्यासाआधी भिंतीचं विचारतात. ती म्हणते, "भिंत पास आहे हो आजोबा, नापास मीच होणार."

ते हसत नाहीत.

भिंत वाकडीच आहे, असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. सकाळी वाटतं सरळ असेल, दुपारी वाटतं नसेल. मित्रांनो, एवढंच मागतो: ओळंबा हलत असेल तर त्याला हलू द्या, आणि पलीकडे कुणाला तरी उभं करा.

साहेब, आज वारा पडलाय. पोर शाळेत गेलीय. मला त्या कोपऱ्याला, दोन्ही अंगांनी, कधी लावताय? वार सांगा.